प्रस्तावना : सिग्नल जनरेटरची ओळख

यवतमाळचे आकाशवाणी केंद्र एफएमवर 102.7 मेगाहर्ट्झला लागते. शहर मागे टाकून दूर निघाले की कुठेतरी त्यात खरखर सुरू होते. ती अंतरामुळे, की आपला रेडिओच कानाने मंद आहे म्हणून? हवेतून येणाऱ्या सिग्नलवर याचा निकाल लागत नाही, कारण तो किती ताकदीने येतो हेच ठाऊक नसते. नेमक्या फ्रिक्वेन्सीचा, नेमक्या पातळीचा सिग्नल आपण स्वतः रेडिओला द्यायचा आणि मग तो काय करतो ते बघायचे. सिग्नल जनरेटर त्यासाठी असतो. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्याने एवढे आधी मनाशी बांधावे : आत काय सोडले ते ठाऊक नसेल, तर बाहेर जे मोजले त्याला अर्थ नाही.

पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 चे, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 चे. त्या काळात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या बहुतेकांची मायक्रोवेव्हशी पहिली गाठ क्लायस्ट्रॉन बेंचवर पडली. टेबलभर पसरलेला पितळी वेव्हगाइड, क्लायस्ट्रॉन थंड ठेवायला शेजारी पंखा, बीमला काहीशे व्होल्टचा पुरवठा. रिपेलरचे व्होल्टेज हळूहळू फिरवायचे, मीटरचा काटा उठला की थांबायचे. मग फ्रिक्वेन्सी मीटरची मूठ फिरवत तो काटा क्षणभर कुठे बसतो ते टिपायचे. एका वाचनाला अर्धा तास गेला तरी कुणी कुरकुरत नसे. हा बेंच भंगारात काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहर डोळ्यांना दिसत नाही. पण सरकत्या प्रोबखाली तिचे उंचवटे आणि खळगे सेंटिमीटरमध्ये मोजता येतात, हे त्या बेंचनेच शिकवले.

आज तेच काम तळहातावर मावणारी, यूएसबीवर चालणारी पेटी करते. व्हेक्टर जनरेटर मोबाइलच्या गुंतागुंतीच्या लहरींची नक्कल करतो. अ‍ॅनालॉग जनरेटर शुद्ध साइन लहर आणि फार तर तिच्यावर एएम, एफएम किंवा पल्स मॉड्युलेशन देतो. रिसीव्हर, फिल्टर, अ‍ॅम्प्लिफायर तपासायला बहुतेक वेळा एवढे पुरते.

पेटी लहान झाली, की किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. विद्यार्थ्यांच्या हाती हमखास दिसणारी एडीएफ 4351 ही चिप घ्या. तिच्यातला ऑसिलेटर 2200 ते 4400 मेगाहर्ट्झमध्येच चालतो. त्याखालची फ्रिक्वेन्सी भागाकार करून मिळते. तिच्याकडून 102.7 हवे असेल, तर ती आत 3286.4 मेगाहर्ट्झ तयार करते आणि त्याला 32 ने भागते. भागून आलेली लहर मात्र साइन नसते, ती चौकोनाकडे झुकते. म्हणजे 308.1 मेगाहर्ट्झवर तिसरा हार्मोनिक दणदणीत बसलेला, मूळ लहरीपेक्षा जेमतेम दहाएक डेसिबलने खाली. पुढे लो-पास फिल्टर न लावता कुणी फिल्टरचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा अहवाल लिहिला, तर तो कशाचा अहवाल आहे ते वाचणाऱ्याने ओळखून घ्यावे!

दुसरी अडचण गळतीची. 50 ओहमवर एक मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे 107 डीबीएम. चांगल्या एफएम रेडिओची परीक्षा याच्या आसपासच होते. डायल उणे 107 दाखवत असेल आणि पेटीच्या सांध्यांतून, यूएसबीच्या वायरीतून त्याहून जास्त सिग्नल झिरपत असेल, तर रेडिओ अ‍ॅटेन्युएटरला न जुमानता वाजतच राहतो. नवख्याला आनंद होतो, की आपला रेडिओ फारच संवेदनशील निघाला. केबल काढूनही तो वाजत असेल, तर काय ते समजावे. जुने जनरेटर जड असत, त्यात ही गळती अडवणाऱ्या पत्र्यांच्या आवरणांचाही वाटा होता.

तिसरी गोष्ट फेज नॉइजची, म्हणजे लहरीच्या ठेक्यातल्या बारीक थरथरीची. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली, की फेज नॉइज किमान सहा डेसिबलने वाढतो. 10 मेगाहर्ट्झच्या संदर्भ-क्रिस्टलवरून 10 गिगाहर्ट्झ गाठायचे, तर हजारपट. म्हणजे संदर्भाचा नॉइज 60 डेसिबलने वर. त्यामुळे खरेदी करताना सर्वोच्च फ्रिक्वेन्सीच्या आकड्याला भुलू नका. आधी आतला क्रिस्टल कोणत्या प्रतीचा ते विचारा. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटर पसरल्या आहेत. त्या सगळ्या एकाच संदर्भ-फ्रिक्वेन्सीवर बांधून ठेवाव्या लागतात, तेव्हाच त्यांचे सिग्नल एकमेकांशी जुळवता येतात. महाराष्ट्रात या विद्येची इतकी कडक परीक्षा घेणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

आरंभाला एक प्रयोग सुचवतो. जुन्या घडणीचा एफएम रेडिओ 102.7 वर लावा. त्याचा आतला ऑसिलेटर 10.7 मेगाहर्ट्झने वर, 113.4 वर चालत असतो. आता जनरेटर त्याच्याही 10.7 ने वर, 124.1 वर न्या. रेडिओ हाही सिग्नल उचलत असेल, तर त्याचा पुढचा फिल्टर ढिला आहे. 102.7 वर जेवढ्या पातळीला आवाज आला तेवढाच इथे येण्यासाठी पातळी किती डेसिबल वाढवावी लागली, ते वहीत लिहा. हे झाले तुमच्या रेडिओचे इमेज रिजेक्शन.

मात्र हा प्रयोग केबलने आणि अ‍ॅटेन्युएटर लावूनच करा. जनरेटरच्या तोंडाला अँटेना कधीही जोडू नका : 118 ते 137 मेगाहर्ट्झ हा विमानांच्या संभाषणाचा पट्टा आहे, 124.1 त्यातच येते, आणि विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे.