गच्ची सगळ्यांची, लहरीही सगळ्यांच्या

सोसायटीत राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. फ्लॅट ज्याचा त्याचा, पण गच्ची सगळ्यांची. तिच्यावर कोणी एकाने कुलूप लावलं तर लगेच मीटिंग बोलावली जाते. गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला तर त्याचं भाडं सोसायटीच्या खात्यात जमा होतं, सेक्रेटरीच्या नाही. हाच साधा हिशेब संपूर्ण देशाच्या रेडिओ लहरींना लागू करणारा निकाल ३० वर्षांपूर्वी एका मराठी न्यायमूर्तींनी लिहिला. त्याचा आपल्या जिल्ह्यातल्या शाळांशी काय संबंध, ते सांगण्यासाठी हा लेख.

परशुराम बाबाराम सावंत, म्हणजेच न्या. पी. बी. सावंत यांचा जन्म ३० जून १९३० चा. मुंबईत कायद्याचं शिक्षण घेऊन त्यांनी १९५७ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. १९७३ मध्ये ते त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मंडल आणि बोम्मई या दोन्ही गाजलेल्या खटल्यांच्या घटनापीठांवर ते होते. नगरकरांना मात्र त्यांचं नाव आठवतं ते राळेगणसिद्धीमुळे. अण्णा हजारे यांनी मंत्र्यांवर केलेले आरोप आणि अण्णांच्या संस्थांवर झालेले आरोप तपासण्यासाठी २००३ मध्ये राज्य सरकारने नेमलेला आयोग तो हाच, सावंत आयोग. २००५ च्या अहवालात मंत्र्यांवर ताशेरे होते, तसेच अण्णांच्या न्यासाने केलेल्या खर्चावरही होते. समोर कोण आहे हे न पाहता हिशेब मागायचा, हा त्यांचा स्वभावच.

आता लहरींकडे येऊ. नोव्हेंबर १९९३ मधला हीरो कप जुन्या मंडळींना आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ६ धावा हव्या होत्या, सचिनने ३ च दिल्या आणि आपण २ धावांनी जिंकलो. मैदानावर हे चाललेलं असताना कोर्टात वेगळीच मॅच सुरू होती. बंगाल क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले होते. सरकारचं म्हणणं असं, की १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानुसार हा अधिकार फक्त आमचा.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्या. सावंत यांनी स्वतःच्या आणि न्या. एस. मोहन यांच्या वतीने तो लिहिला. न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी सहमतीचं वेगळं निकालपत्र दिलं. त्याचं सार असं : लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. ती मर्यादित आहे, म्हणून तिच्या वापरावर नियंत्रण हवं. पण ते नियंत्रण सरकारच्या मक्तेदारीसाठी नको आणि पैसेवाल्या कंपन्यांच्या मक्तेदारीसाठीही नको. माहिती मिळवणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो जपण्यासाठी केंद्राने स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण नेमावं.

हा निकाल प्रक्षेपणापुरता होता, टेलिफोनचा नव्हता. टेलिफोनसाठी १९९७ मध्ये ट्राय हे नियामक प्राधिकरण वेगळ्या कायद्याने आलं. ते प्रक्षेपणाकडेही पाहू लागलं २००४ पासून. पण मालकी जनतेची, हे तत्त्व पुढे टिकलं. २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हाही स्पेक्ट्रम ही जनतेची संपत्ती आहे आणि सरकार तिचं विश्वस्त आहे, याच विचाराचा आधार होता.

मालकी आपली, तर भाडंही आपलंच. ते जातं कुठे? मोबाइल कंपन्या सरकारला परवाना शुल्क देतात. त्यात महसुलाचे ५ टक्के एका खास निधीसाठी असतात. २००२ मध्ये सुरू झालेला हा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी, लोकांच्या भाषेत यूएसओ फंड. आपल्या सोसायटीपेक्षा थोडासाच लहान! डिसेंबर २००३ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. जिथे कंपनीला नफा दिसत नाही तिथेही सेवा पोचावी, हा त्याचा उद्देश. कंपन्या हा खर्च शेवटी ग्राहकाकडूनच वसूल करतात, म्हणजे आपल्या रिचार्जमधला थोडा भाग त्यात जातो. आपला सिंकिंग फंडच म्हणा ना!

आणि सिंकिंग फंडाचं नेहमीचं दुखणं इथेही आहे. फंडात रक्कम शिल्लक आणि वर टाकी गळतेय. या निधीतला मोठा भाग वर्षानुवर्षे खर्चाविना राहिला. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पण केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आली, म्हणजे शाळेच्या वर्गात आली असं होत नाही. मधलं शे-दोनशे मीटरचं अंतर कोणी जोडायचं आणि महिन्याचं बिल कोणी भरायचं, इथेच घोडं पेंड खातं.

अमेरिकेने ही गाठ कायद्यातच सोडवली. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात शाळा आणि ग्रंथालयं यांचा स्पष्ट उल्लेख केला. त्यातून ई-रेट योजना आली. शाळेच्या इंटरनेट बिलावर २० ते ९० टक्के सूट, आणि जितकी गरीब वस्ती तितकी सूट जास्त. पैसा कुठून? आपल्यासारखाच, दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून.

आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने यूएसओ फंडाचं नाव डिजिटल भारत निधी केलं. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. चांगलीच गोष्ट. पण 'सरकारी माध्यमिक' हे शब्द नगरच्या नजरेने वाचून बघा. आपल्याकडे सरकारी म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, आणि ती बहुतेक ठिकाणी प्राथमिक. गावातलं हायस्कूल असतं रयतचं, जिल्हा मराठा संस्थेचं किंवा अशाच एखाद्या अनुदानित संस्थेचं. घोषणा शब्दशः घेतली तर चौथीपर्यंतची शाळा बाहेर राहते, कारण ती माध्यमिक नाही. हायस्कूलही बाहेर राहतं, कारण ते सरकारी नाही. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा पाथर्डीच्या एखाद्या वस्तीवरच्या मुलाने मग कुठे जायचं?

तोवर काम भागतं ते लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर आणि गुरुजींच्या स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. लोकवर्गणीचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण ज्या कामासाठी आपण रिचार्जमधून आधीच पैसे भरतो, त्यासाठी गावाने पुन्हा पावती फाडावी, हे न्यायाचं नाही.

न्या. सावंत १५ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात गेले. त्यांनी कायद्यात मालक ठरवून दिला, आता मालकाने विचारायचं काम राहिलं. आपल्यापैकी बहुतेकांचं गाव अजून सुटलेलं नाही, काही जण तर शिक्षकच आहेत. पुढच्या ग्रामसभेला गेलात तर तीन प्रश्न जरूर विचारा : भारतनेटची केबल ग्रामपंचायतीत आली का? आली असेल तर चालू आहे का? आणि तिथून शाळेपर्यंत कधी येणार? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या. वार्षिक सभेत हिशेब मागायची सवय आपल्याला २५ वर्षांची आहेच.