नीलम, माणिक आणि आमचा कुरुंद

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं निवर्तले. पुढच्याच वर्षीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. सामान हलविल्यास वाड्यास आग लावूं, असें वृद्ध बांकाबाईंनीं बजावलें; तरी बहुतेक जवाहीर कलकत्त्याच्या बाजारीं गेलेंच. त्या काळच्या जवाहिऱ्यास नीलम निराळा, माणिक निराळें. रंगावरून नांव आणि नांवावरून मोल!

रसायनशास्त्रानें या दोघांचें गोत्र एकच ठरविलें. अॅल्युमिनियम व प्राणवायु यांच्या संयोगाचा हा कुरुंद शुद्ध असतां बिनरंगी असतो. क्रोमियमच्या लेशानें तो माणिक होतो, नुसत्या लोहानें पिवळा. निळ्याचें कोडें मात्र सहजीं सुटलें नाहीं. पॅरिसच्या व्हर्न्यूलनें १९०२ सालीं कृत्रिम माणकाची कृति प्रसिद्ध केली. निळ्यासाठीं त्यानें कोबाल्ट वापरून पाहिला, तों खडा भलताच निघाला. अखेर लोह व टिटॅनियम जोडीनें घातल्यावर नीलम साधला. प्रकाशांतील तांबडा-पिवळा भाग शोषून लोहाचा इलेक्ट्रॉन टिटॅनियमकडे जातो. डोळ्यांस उरतो तो निळा.

आम्हां नागपूरकरांस मौज वाटते ती पुढेंच. हाच कुरुंद येथून पूर्वेस, भंडारा जिल्ह्यांत पोहऱ्याच्या आसपास, सिलिमनाइटाच्या सोबतीनें सांपडतो. पण तो अपारदर्शक. त्याचें काठिण्य रत्नाचेंच, म्हणून घासकामास उपयोगी; अंगठींत मात्र त्यास कोणी बसवीत नाहीं. कलकत्त्यास गाड्या निघाल्या, तेव्हां तो पोहऱ्याच्या मातींत तसाच पडून होता.