ओंडक्याची साल कशी काढायची? हत्यारं, मशीन आणि योग्य वेळ

रीलमध्ये एक जण चेनसॉला छोटं अटॅचमेंट लावतो आणि बघता बघता अख्खा ओंडका सोलून काढतो. ते कार्टमध्ये टाकण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. साल किती सहज निघेल हे हत्यारापेक्षा लाकूड किती ओलं आहे यावर जास्त अवलंबून असतं. ताज्या लाकडाला साधी पटाशीही पुरते. वाळलेल्या लाकडावर महागडं मशीनसुद्धा घाम काढतं.

साल का काढायची?

बीड जिल्ह्यात बाभूळ, कडुलिंब, सुबाभूळ, नीलगिरी ही लाकडं सगळीकडे दिसतात. गोठ्याची मेढ, पत्र्याच्या शेडचा खांब, माळवदाची तुळई अशा कामांसाठी ती वापरतात. साल तशीच ठेवली तर तीन अडचणी येतात:

- सालीखाली ओलावा अडकतो. लाकूड हळू वाळतं आणि बुरशी धरते.
- सालीच्या आतल्या थरात किड्यांचं खाद्य असतं. भुंगेरे तिथे अंडी घालतात, अळ्या लाकूड पोखरतात आणि खाली भुसा पडायला लागतो.
- वाळवीचं किंवा किडीचं औषध सालीतून आत मुरत नाही.

वरून धडधाकट दिसणारी मेढ आतून पोकळ झाली, तर छप्पर जनावरांवर किंवा माणसांवर येऊ शकतं. मात्र साल काढली म्हणजे वाळवी लागणारच नाही, असं नाही. जमिनीत जाणाऱ्या भागाला औषध लावावंच लागतं.

योग्य वेळ कोणती?

झाड तोडल्यावर जितक्या लवकर काढाल तितकं सोपं. पावसाळ्यात झाड वाढीला लागलेलं असतं, तेव्हा साल सहज सुटते. बीडच्या उन्हाळ्यात ओंडका लवकर सुकतो आणि साल लाकडाला घट्ट चिकटते.

सोपी टेस्ट: कोयत्याच्या टोकाने सालीला चीर द्या आणि कड उचला. खाली ओलसर, गुळगुळीत थर दिसला आणि साल पट्टीसारखी निघाली, तर लगेच कामाला लागा. तुकडे पडत असतील, तर ओंडक्यावर ओली पोती टाकून काही दिवस ओलावा द्या आणि पुन्हा बघा.

हाताची हत्यारं

- कुऱ्हाड, कोयता: घरात असतातच. पहिली चीर द्यायला उत्तम, पण पूर्ण साल काढताना लाकडावर घाव पडतात.
- वाकस: सुताराचं हत्यार. बाभळीची जाड, खरबरीत साल तासायला चांगलं. सवय नसेल तर पायाला लागू शकतं.
- बार्क स्पड: लांब दांड्याची, चपट्या तोंडाची पटाशी. ही कापत नाही, साल उचकटते, म्हणून फार धारदार नको. गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून लोहार अशी पटाशी बनवून देऊ शकतो.
- ड्रॉ नाइफ: दोन्ही बाजूंना मूठ असलेलं पातं. आपल्याकडे ओढत चालवायचं. पातळ साल आणि उरलेला आतला थर यासाठी उपयोगी.

काढायची पद्धत

1. ओंडका दोन लाकडी घोड्यांवर ठेवा आणि लोळणार नाही असा अडकवा.
2. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सालीला उभी चीर द्या.
3. चिरेत पटाशी घालून साल बाजूला उचला.
4. आतला ओला, तंतुमय थरही खरवडून काढा. किड्यांना तोच हवा असतो.
5. दोन्ही टोकांना डांबर किंवा जुना ऑइलपेंट लावा आणि ओंडका सावलीत, जमिनीपासून वर ठेवा. उन्हात टाकला तर तडे जातात.

मशीन कोणत्या?

चेनसॉ अटॅचमेंट: चेनच्या जोरावर फिरणारा, पाती बसवलेला छोटा रोलर. वेगवान आहे, पण सालीबरोबर लाकूडही तासतो. गॉगल, बूट आणि कानाचं संरक्षण हवंच.

रिंग डिबार्कर: ओंडका फिरत्या कड्यातून पुढे सरकतो आणि कड्यातले दाते साल ओरबाडतात. मोठ्या सॉ मिलसाठी.

ड्रम डिबार्कर: भल्या मोठ्या फिरत्या पिंपात ओंडके एकमेकांवर घासतात आणि साल फटींतून बाहेर पडते. कागद कारखान्यांत हे वापरतात. सालीत माती आणि रंग जास्त, कागदाला लागणारे चांगले तंतू कमी, म्हणून कारखान्याला साल नको असते.

पाण्याचा फवारा: प्रचंड दाबाने पाणी मारून साल उडवतात. पाणी भरपूर लागतं, त्यामुळे आपल्या दुष्काळी पट्ट्यात हा पर्याय विसरा.

निघालेल्या सालीचं काय?

बाभळीच्या सालीत टॅनिन असतं. चामडं कमावण्यासाठी ती पूर्वीपासून वापरतात. बाकी साल वाळवून जळणाला वापरता येते.

उभ्या झाडाची साल काढली तर?

झाड मरू शकतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. खोडाभोवती पूर्ण गोल साल काढली की मुळांची उपासमार होते आणि झाड हळूहळू वाळतं. फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळच्या पालवणला वृक्ष संमेलन भरलं होतं आणि त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. त्याच जिल्ह्यात रस्त्याकडेचं झाड असं गुपचूप मरू द्यायचं का? तोडायचंच असेल, तर परवानगीबद्दल आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

मग मी काय घेऊ?

चार-सहा मेढी असतील तर कोयता आणि लोहाराकडची पटाशी पुरे. वर्षभर खांबांचं काम असेल तरच अटॅचमेंटचा विचार करा. आणि काहीही घेतलं, तरी ओंडका ओला असतानाच हात घाला.