फळीपासून पट्टीपर्यंत: खुब्याचा अस्थिभंग आणि कळंब परिसर

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, खुब्याच्या सांध्यालगत, जे दोन उंचवटे असतात त्यांच्या दरम्यानचे हाड सच्छिद्र आणि रक्तपुरवठ्याने समृद्ध असल्यामुळे मोडले तरी शस्त्रक्रियेविना बहुधा जुळते. वृद्ध रुग्ण दगावतो तो ते जुळेपर्यंत महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागल्याने, शय्याव्रणांनी आणि न्यूमोनियाने. शस्त्रक्रियेत बसवतात त्या धातूच्या पट्टी व स्क्रूचा इतिहास म्हणूनच हाड जोडण्याचा कमी आणि माणसाला उठवून बसवण्याचा अधिक आहे.

सुश्रुतसंहितेने मांडीच्या भग्नासाठी कपाटशयन सांगितले, म्हणजे रुग्णाला लाकडी फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधारे पाय जखडणे. पायाला वजन लावून ओढ देण्याची अलीकडची पद्धतही रुग्णाला तसेच निजवून ठेवी. हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या येथे हतबल ठरत, कारण खुब्याच्या वर त्या बांधायला जागाच नसते.

१९२५ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने खुब्याच्या मानेसाठी, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याखालच्या अरुंद भागासाठी, त्रिधारी खिळा वापरला, १९३७ मध्ये थॉर्नटनने त्याला पट्टी जोडली आणि १९४१ मध्ये ज्यूएटने दोन्ही अखंड केले. मात्र जुळताना हाड किंचित खचते आणि ताठर खिळा खचत नाही, म्हणून तो कधी सांध्यात घुसे. जर्मनीतील अर्न्स्ट पोल याने १९५१ च्या पेटंटात सरकता स्क्रू सुचवला: पट्टीच्या नळीत स्क्रू मागे सरकतो आणि चालण्याचा भारच तुकड्यांना एकमेकांवर दाबतो. हे साधते ते मुख्यतः ‘स्थिर’ भंगात, म्हणजे हाडाची आतली बाजू शाबूत असताना. स्थिर आणि अस्थिर भंगांतला हा भेद इव्हान्सने १९४९ मध्ये मांडला होता.

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यातील कळंबला ही आधुनिक शस्त्रक्रिया दूरच होती. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९११ मध्ये लातूरला पोचले; याच मार्गावर कळंब रोड हे स्थानक आहे. पंढरपूरहून मिरजेपर्यंतचा फाटा १९२७ मध्ये झाल्यावर मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन रुग्णालयाची वाट रुळांनी जोडली गेली, तरी मोडल्या खुब्याने तो प्रवास करणे ही शिक्षाच असणार. १९७४ मध्ये अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आले आणि तुलनेने जवळच शल्यविशारद मिळण्याची सोय झाली. तरी सरकत्या स्क्रूसाठी केवळ शल्यविशारद पुरत नाही. स्क्रूचे टोक नेमके कोठे पोचले हे दाखवणारे क्ष-किरण यंत्र, म्हणजे सी-आर्म, जवळ असावे लागते.

वृद्धांच्या अंगातील ही पट्टी हाड जुळल्यावरही सहसा काढत नाहीत. पोलादाची असल्याने ती चितेत वितळत नाही, आणि सावडायला गेलेल्यांच्या हाती राखेतून अस्थींबरोबर तीही लागते.