टपालातला संसार

पोर शिकायला म्हणून परगावी गेले, की हल्ली घरच्यांचा जीव मोबाइलमध्ये गुंतलेला असतो. सकाळी ‘उठलास का’, दुपारी ‘जेवलास का’, रात्री तोंड पाहून बोलणे. पोराचे अंग तिकडे वर्गात आणि निम्मे मन इकडे ओसरीवर. पूर्वी बरे होते, पत्र येईल तेव्हा येई, असे वडीलधारी माणसे म्हणतात. ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी एका टपालबाबूच्या बायकोची हकीकत सांगावीशी वाटते.

आनंदीबाई जोशी हे नाव शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, एवढे धड्यात येते. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यात होते, हे मात्र चटकन कोणाच्या ध्यानात राहत नाही. खात्याची नोकरी म्हणजे पायाला भिंगरीच. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालातले सेरामपूर. लग्नात आनंदीबाई नऊ वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. वैद्यक शिकायचे हे तेव्हाच मनात बसले.

आणि वाट निघाली तीही टपालातूनच. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. त्याने ते आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत हाताला लागले ते मासिक त्यांनी चाळले, आणि १८८० साली आनंदीबाईंना पत्र धाडले. तीन वर्षे पत्रे चालली. एकमेकींचे तोंड पाहण्याआधीच कार्पेंटरबाई त्यांच्या ‘मावशी’ झाल्या होत्या. परमुलखात पाऊल ठेवण्यापूर्वी तिथे एक घर तयार झाले होते, म्हणा ना.

दोघांनी मिळून जाणे जमेना. तेव्हा ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई यजमानांना मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. तो उन्हाळा मावशींच्या घरी गेला. मग फिलाडेल्फियातले बायकांचे वैद्यक विद्यालय.

आता टपालाचा हिशोब पाहा. इकडचे पत्र तिकडे पोचायला महिन्याच्या वर लागे, उत्तराला तेवढेच दिवस. म्हणजे नवराबायकोत दोन शब्दांची कुरबुर झाली, तर ती मिटायला अडीच-तीन महिने. गोपाळरावांनीच बायकोला शिकविले, त्यांनीच धाडले, आणि ‘ती बदलेल’ ही धास्तीही त्यांनाच. त्यांची काही पत्रे प्रेमाची, तर काही संशयाची आणि टोचून लिहिलेली. आनंदीबाई प्रत्येकाला मराठीत सविस्तर उत्तर देत. काय खाल्ले, काय नेसले, काही लपविले नाही. तिकडच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्या गुजराती धर्तीने नेसू लागल्या, तेही त्यांनी कळविले. तिकडचा एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल, त्यात तसाच पदर आहे. कळवायचे सगळे, पण थंडी ज्याला लागते त्याने आपल्या अंगावरचे ठरवायचे, असा त्यांचा बेत दिसतो. अन्न मात्र शाकाहारी ठेवले. ही पत्रे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात आहेत. गुरुजींनी मिळवून वर्गात वाचून दाखवावीत, धड्यापेक्षा मुले अधिक कान देतील.

‘पूर्वी बरे होते’ हे अर्धे खरे, ते असे. दोन पत्रांमधले आठवडे आनंदीबाईंचे स्वतःचे होते. शरीरशास्त्राचे तास, मुडद्याची चिरफाड, मैत्रिणी, सुटीत रोझेल, या सगळ्यांत दर घटकेला कोणी ‘कुठे आहेस’ विचारीत नव्हते. पण आलेले टोचरे पत्र कागदावर असते, ते पुनःपुन्हा वाचता येते, आणि खुलासा करायला समोर माणूस नसतो. हल्लीचा रागाचा निरोप संध्याकाळच्या निरोपाखाली बुजून जातो. तो कागद दीड महिन्याचा प्रवास करून आलेला असे, आणि त्याच्यामागून दुसरा येईपर्यंत तोच खरा.

बरे, अंतराचेच दुखणे म्हणावे, तर १८८५ साली गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोचले. आता टपालाची गरज उरली नाही. पण त्यांनी तिथे व्याख्याने देऊन त्या लोकांच्या चालीरीतींवर कोरडे ओढायला सुरुवात केली. ज्या समाजात बायको दोन वर्षे माणसे जोडून राहिली होती, त्याच समाजावर! आनंदीबाईंची त्यात किती ओढाताण झाली असेल, हे ज्याने सासर-माहेर दोन्ही सांभाळले त्याला सांगायला नको.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागाची जागा ठरली होती, पण क्षयाने अंगात मूळ धरले होते. वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय पुरते बावीसही नव्हते.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली. मावशींनी ती न्यूयॉर्क प्रांतातल्या पुकिप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली. ती अजून तिथेच आहे.