धुराची षष्ठी विभक्ती

गिरणगावाचा इतिहास लिहिताना आपण चिमणीबरोबर तिच्या धुरालाही लालबाग-परळच्या हद्दीत कोंडतो. भोंगा, चाळ, संप, तसाच ‘गिरणगावचा धूर’. या ‘चा’ प्रत्ययाची येथे तपासणी करावी असे आम्हांला वाटते.

मुंबईतील पहिली कापूसगिरणी 1856 साली ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि 1912 मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबईसाठी स्वतंत्र कायदा झाला. धूर म्हणजे शेजाऱ्याला होणारा त्रास, ही त्यामागची समजूत. 1915 पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, चिमण्या थंडावल्या आणि धुराचे प्रकरण आपण मिटवून टाकले.

वाऱ्याने ते मिटवले नव्हते. हिवाळ्यात आपल्याकडे वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. पाऊस नसल्यामुळे हवेतली काजळी धुऊन निघत नाही, ती कित्येक दिवस तरंगत दूर जाते. 1999 च्या जानेवारी ते मार्च या काळात ‘इंडोएक्स’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेने विमाने, जहाजे आणि मालदीवमधील केंद्र यांच्या साहाय्याने हा प्रवास मोजला. दक्षिण आशियातील वाहने, कारखाने आणि चुली यांचा धूर विषुववृत्तापर्यंत पसरलेला आढळला. ज्यांनी आपली चिमणी कधी पाहिली नाही, त्यांच्या आकाशात आपली काजळी होती.

उलट दिशेचा प्रवासही घडतो. 23 जानेवारी 2022 रोजी कराचीकडून अरबी समुद्र ओलांडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश पांढुरके केले. नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीची राख येमेन-ओमानवरून भारतावर आली. ती बरीच उंचावर होती, म्हणून श्वासात फारशी उतरली नाही. विमाने मात्र रद्द झाली.

मग धुराला गावच नसते, असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोयीचे आहे. ‘बाहेरून आले’ म्हटले की दादरच्या रस्त्यावरची वाहने आणि परळच्या गिरण्यांच्या जागी चाललेली बांधकामे निर्दोष सुटतात. षष्ठी टाकून चालणार नाही, कारण उत्तरदायित्व तिच्याच आधाराने ठरते. ‘कुणाचा धूर’ याबरोबर ‘कुणाच्या छातीत’ हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा गिरणगावातच सापडेल. दुसऱ्याचे शोधण्यासाठी समुद्र ओलांडावा लागेल.