पाण्याचा जमाखर्च आणि उद्याची किंमत

दुष्काळ हा शब्द नगर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही. पण त्या दुष्काळाचा हिशेब कोणी आणि कसा मांडला, हे आपण सहसा वाचत नाही. मी कविता लिहिणारा माणूस, अर्थशास्त्राशी माझी ओळख बी.ए.पुरती. तरीही ही हकिगत सांगावीशी वाटते, कारण आज साऱ्या जगाच्या हवामानाविषयीचे निर्णय अशाच हिशेबांवर तोलले जात आहेत.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. कालवा बांधण्यापूर्वी इंग्रज सरकार मुख्यतः एकच प्रश्न विचारी : घातलेल्या पैशावर व्याज सुटेल का? आपल्याकडच्या कालव्यांना ही कसोटी जड होती. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ‘संरक्षक कामे’ असा वेगळा वर्ग झाला. पाणीपट्टीतून खर्च निघाला नाही तरी चालेल, पण पुढच्या दुष्काळात मदतीवरचा खर्च वाचेल, असा हा विचार. उद्याचे टळलेले नुकसान आजच्या वहीत जमेला धरले गेले. त्याच धोरणातून गोदावरी आणि प्रवरा कालवे आले. दारणा धरण १९१६ मध्ये, तर भंडारदरा १९२६ मध्ये पूर्ण झाले.

वही आणखी रुंद केली ती धनंजयराव गाडगीळांनी. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची त्यांनी केलेली पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. कालव्याचा लाभ केवळ सरकारी पाणीपट्टीत शोधायचा नसतो, हे तिने दाखवले. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्याला खांदा लावून प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात उभे राहिले.

मात्र वहीत जे लिहिले जात नाही, तेही कुणीतरी भोगतच असते. कालव्याकाठच्या कितीतरी जमिनी अतिपाण्याने चिबड आणि खारवट झाल्या. वरच्या धरणांत अडलेले पाणी खाली जायकवाडीला किती सोडायचे, हा वाद तर टंचाईच्या वर्षी हमखास पेटतो.

आता जगाची वही पाहू. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस यांनी हवामान आणि अर्थव्यवस्था एकत्र गुंफणारे ‘डाइस’ नावाचे मॉडेल रचले. २०१८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्रिटनच्या निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात तातडीने मोठा खर्च करा, असे बजावले. नॉर्डहाउस यांचा सल्ला हळूहळू वेग वाढवण्याचा होता. मतभेदाचे एक मोठे कारण म्हणजे उद्याची रक्कम आजच्या भावात आणताना दरसाल किती वजावट करायची. शंभर वर्षांनी होणारे शंभर रुपयांचे नुकसान स्टर्न यांच्या सुमारे १.४ टक्के दराने आज पंचवीस रुपयांचे भरते. दर चार टक्के धरला तर जेमतेम दोन रुपयांचे! आकडेमोड दोन्हीकडे बरोबर आहे. प्रश्न आहे तो नातवाच्या मुलांचे दुःख किती मोलाचे मानायचे, हा. शिवाय शेतीचे नुकसान केवळ राष्ट्रीय उत्पन्नातल्या तिच्या वाट्याने मोजले, तर ते लहान दिसते. भारतात हा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास, पण कामकरी माणसांपैकी जवळपास निम्मी शेतीवर जगतात. पैशाच्या रकान्यात त्यांची गणती कमी भरते.

मग हिशेब मांडूच नये का? तसे नव्हे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पडलेला पाऊस मोजायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची. पाऊस कमी, तर जास्त पाणी पिणारी पिके नाहीत. ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअरवेल यांना तर बंदीच. यातही अंदाज आहेत, गृहीतके आहेत. पण हिशेब ग्रामसभेसमोर उघडा असतो, ज्यांच्या शेतावर त्याचा परिणाम होणार ती माणसे तिथेच बसलेली असतात आणि पुढच्या पावसाला तो नव्याने मांडला जातो.

जगाचा कारभार गावच्या ग्रामसभेसारखा चालणार नाही, हे उघड आहे. तरीही तापमानवाढीवर अमुक एवढाच खर्च परवडतो, असा आकडा कुणी पुढे ठेवला, तर तुम्ही-आम्ही दोन साधे प्रश्न विचारू शकतो : या वहीत कोण लिहायचे राहिले? आणि उद्याच्या माणसाची किंमत किती धरली? त्यासाठी बी.ए.सुद्धा व्हावे लागत नाही.